बंद झालेली गाडी

“मास्तर, बंद झालेली गाडी घेणार असें ऐकतों. मग ढकलावयास माणसें किती सांगून ठेवूं?”

गेल्या मार्गशीर्षांत एके सकाळीं शेजारच्या गृहस्थांनीं कुंपणावरून आम्हांस असें विचारलें. पस्तीस वर्षें शाळेंत व्याकरण शिकविल्यामुळें आम्हांस गप्प बसवेना. जी रस्त्यांत उभी राहते ती ‘बंद पडलेली’ गाडी. आणि जी रस्त्यावर उत्तम चालते, परंतु जिच्यासारखी दुसरी आतां कारखान्यांत तयार होत नाहीं, ती ‘बंद झालेली’ गाडी, असा भेद आम्हीं त्यांस तेथल्या तेथें समजावून दिला. गृहस्थ हंसून आंत गेले. आम्ही मात्र ओटीवर येऊन बसलों तों ध्यानांत आलें कीं, शब्दांतील भेद आपण सांगितला. पण ती गाडी घ्यावी कीं न घ्यावी हा प्रश्न जेथें होता तेथेंच आहे. तो आमच्या घरांत पुढें दीड महिना चालला. अनेक घरांत तो आज ना उद्यां निघणारच, म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर अकरा माणसांचें. वडील बंधु दादा आणि वहिनी, आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती, दादांचे चिरंजीव व सूनबाई, आमचे चिरंजीव व धाकट्या सूनबाई, आणि दोघांचीं मिळून तीन मुलें. दिघी हें एके काळीं पुणें-आळंदी रस्त्यावरचें लहानसें गांव होतें. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास जातांना ह्याच रस्त्यानें जाते. त्या दिवशीं सारा गांव रस्त्यावर असतो. एका बाजूस लष्कराची हद्द, दुसऱ्या बाजूस भोसरीचे कारखाने आणि वर दत्तगडाची टेकडी, अशा जागीं आमच्या वडिलांनीं घर बांधलें, तेव्हां दारावरून दिवसांतून मोजक्याच मोटारी जात. आज रस्ता ओलांडावयाचा म्हणजे दादांस कोणाचा तरी हात धरावा लागतो. घरांत वाहनें आहेत, नाहींत असें नव्हे. दोन स्कूटरी, एक मोटारसायकल आणि आमच्या चिरंजीवांची चार माणसांची लहान मोटार. परंतु गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास जावयाचें झालें कीं ह्या संपत्तीचा उपयोग शून्य. कधीं चौघें जातात, सात मागें राहतात. कधीं भाड्याची गाडी करावी तर मुलांच्या परीक्षा आणि सुनांच्या रजा जुळत नाहींत. सगळीं अकरा माणसें एका वेळीं देवापुढें उभीं राहिल्यास सहा वर्षें झालीं. दादांचें वय आतां ७२. सहा वर्षें म्हणजे त्यांच्या हिशेबीं थोडथोडकीं नव्हेत.

म्हणून दादांनीं एका रात्रीं जेवणें झाल्यावर विषय काढला, “आपण एक सुमो घेऊं.”

ही गोष्ट दादांच्या तोंडून यावी ह्यांत नवल नव्हतें. दादा १९७४ सालीं टेल्कोंत लागले ते २०१३ सालीं निवृत्त झाले. कंपनीचें नांव २००३ सालीं बदलून टाटा मोटर्स झालें, तरी दादांच्या तोंडीं अजून टेल्कोच आहे. सुमंत मुळगांवकर हे त्यांचें दैवत. पिंपरी-चिंचवडच्या पडीक माळावर कारखाना उभारतांना त्या पुरुषानें आधीं झाडें लावविलीं, तळें करविलें, आणि यंत्रांबरोबर यंत्रें करणारीं माणसें घडविलीं, हें दादा इतक्यांदा सांगतात कीं, घरच्या लहान मुलांसहि तें पाठ झालें आहे. मुळगांवकर १९८९ सालीं वारले. त्यानंतर पांच वर्षांनीं, १९९४ सालीं, कंपनीनें दहा माणसें वाहणारी डिझेलची एक नवी गाडी बाजारांत आणली, आणि सुमंतांतील ‘सु’ व मुळगांवकरांतील ‘मो’ घेऊन तिचें नांव ‘सुमो’ ठेवलें. जपानांतील लठ्ठ मल्लांशीं तिचा संबंध जोडणारे लोक पुष्कळ भेटतात. दादा त्यांस थांबवून खरी व्युत्पत्ति सांगतात, आणि व्युत्पत्तीचा विषय असल्यामुळें आम्हीहि त्यांस साथ देतों.

ह्या गाडीनें देशांत काय केलें तें नव्या पिढीस सांगावें लागेल. पहिल्या तीनचार वर्षांतच लाखाच्या वर गाड्या खपल्या. लग्नाचें वऱ्हाड, निवडणुकीचा प्रचार, पोलिसांची गस्त, आजाऱ्यास तालुक्याच्या गांवीं नेणें, शाळेचीं मुलें, सर्व कामांस तीच. तिच्यांत चैन नव्हती. पण आपलें सगळें माणूस एका छताखालीं बसवून नेण्याची सोय होती. दादा त्या वेळीं शेवटच्या तपासणीच्या खात्यांत होते. गाडी फाटकाबाहेर जाण्यापूर्वीं तिचीं दारें नीट लागतात कीं नाहीं, ब्रेक धरतो कीं नाहीं, हें पाहून शिक्का मारावयाचा हें त्यांचें काम. अशा हजारों गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. स्वतःच्या दारांत मात्र एकहि कधीं उभी राहिली नाहीं. तेव्हां बहिणींचीं लग्नें होतीं, आमचें शिक्षण होतें, घराचें कर्ज होतें. हें दादा बोलून दाखवीत नाहींत. परंतु आम्हांस ठाऊक आहे, कारण त्या शिक्षणाचा पैसा आमच्यावरच खर्च झाला.

२०१९ सालीं सुमो तयार होणें थांबलें. पुतण्यानें शोध करून २०१७ सालची एक ‘सुमो गोल्ड’ चाकणच्या बाजूस विक्रीस असल्याची बातमी आणली. किंमत सव्वातीन लाख. आम्ही मनांतून दादांच्या बाजूचे होतों, हें येथें प्रथमच कबूल करावें हें बरें.

जुनी गाडी पाहावी कशी, हें आम्हांस मुळींच ठाऊक नव्हतें. न्यायशास्त्रांत डोंगरावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करण्याचें उदाहरण आम्हीं लहानपणीं घोकलें. परंतु धुरास रंग असतात आणि प्रत्येक रंगाचें अनुमान निराळें असतें, हें भोसरीच्या एका गॅरेजांत आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलें. संस्कृतांत हा विद्यार्थी कधीं पस्तीस गुणांच्या वर गेला नाहीं. आज डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून तो त्याचें वय सांगतो.

तो म्हणाला, “सर, डिझेलची गाडी बघायला जायचं ते सकाळी, आणि कळवून जायचं नाही. पहिल्यांदा हात बॉनेटवर ठेवायचा. गरम लागला तर समजा, तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन खोटं बोलत नाही.”

त्याच्या सांगण्याचा सारांश असा. थंड इंजिन सुरू होतांच क्षणभर पांढुरका धूर आला तर घाबरूं नये. पण तो इंजिन तापल्यावरहि येत राहिला, तर एकतर डिझेल न जळतां बाहेर पडत आहे किंवा थंड करावयाचें पाणी आंत शिरत आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त व हवा कमी; हवेची जाळी तुंबलेली असेल किंवा डिझेल फवारणारे इंजेक्टर बिघडले असतील. ह्या रोगास बहुधा औषध असतें. निळसर धूर मात्र वाईट. त्याचा अर्थ इंजिनांतील वंगणाचें तेल जळत आहे आणि आंतील रिंगा झिजल्या आहेत. इंजिन चालू असतां तेलाचें झांकण उघडून पाहावें. आंतून भपकारे येऊं लागले तर तोच निष्कर्ष पक्का. किलोमीटरच्या कांट्यावर विश्वास ठेवूं नये. कांटा साठ हजार सांगत असेल, पण पायाखालच्या पॅडलचें रबर गुळगुळीत झालें असेल आणि चालकाच्या सीटची कड फाटली असेल, तर साक्ष पॅडलची घ्यावी. पायपुसणीं उचलून पत्रा पाहावा. गाडीखालीं वाकून चासी पाहावी. समुद्रकांठीं राहिलेल्या गाडीस गंज आंतून खातो.

कागदांचेंहि तसेंच. नोंदणीच्या पुस्तकांत मालक किती झाले, कर्जाचा बोजा उतरला असल्यास बँकेचा दाखला आहे का, विमा चालू आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, नवी सुरक्षित नंबरपाटी बसविली आहे का, हें आधीं पाहावें. आणि २९ व ३० नंबरांचे अर्ज भरून गाडी परिवहन कार्यालयांत आपल्या नांवावर झाल्यावांचून व्यवहार पुरा झाला असें समजूं नये. शितावरून भाताची परीक्षा करावी असा आमचा स्थालीपुलाकन्याय आहे; पण जुन्या गाडीच्या बाबतींत तो लागूं पडत नाहीं. येथें प्रत्येक शीत चेपून पाहावें लागतें.

पहिल्या दिवशीं आम्ही गेलों तेव्हां बॉनेट गरम होतें. आम्हीं नमस्कार केला व परत आलों. आठ दिवसांनीं न कळवितां सकाळीं सातास गेलों. ह्या वेळीं बॉनेट गार होतें. विद्यार्थ्यानें तास-दीडतास गाडी उलटसुलट तपासली, दोन किलोमीटर चालविली, आणि हात पुसत म्हणाला, “सर, गाडी चांगली आहे. एका घरात वाढलेली आहे. क्लच बदलावा लागेल, मागचे दोन टायर. बाकी तक्रार नाही.”

ह्या उत्तरानें आमची मोठी पंचाईत झाली. गाडी वाईट निघती तर वाद तेथेंच मिटता. सुट्या भागांची शंका होती, तीहि त्यानें काढून टाकली. सुमो गोल्डचें २९५६ घनसेंटिमीटरचें इंजिन हें कंपनीच्या ४०७ ह्या हलक्या मालगाडीच्या इंजिनांच्या कुळांतलें. ४०७ मालगाडी १९८६ पासून रस्त्यावर आहे आणि तिच्या भावंडांस दुरुस्त करणारे मिस्त्री गांवोगांवीं आहेत. तेव्हां इंजिन पोरकें होणार नव्हतें. दारें, कांचा, दिवे ह्यांचा प्रश्न पुढें येईल. पण मोडींत निघालेल्या सुमो पुष्कळ असल्यामुळें तेंहि साधेल. नोंदणी २०३२ पर्यंत होती. त्यापुढें तपासणी करून पांच पांच वर्षें वाढवितां येते. दिल्लींत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांस २०१५ सालीं हरित लवादानें मज्जाव केला, २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला आणि पुढें त्यांत फेरफारहि झाले. आमच्या राज्यांत तसा नियम झालेला नाहीं. दादांचा चेहरा उजळला. पुतण्या बयाण्याची रक्कम मोजावयास निघाला.

तेव्हां थोरल्या सूनबाई बोलल्या. त्या चाकणला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत गुणवत्ता तपासणीचें काम पाहतात, आणि घरांत मोठी गाडी आली असती तर बहुतेक वेळां चालविणार होत्या त्याच. दादांसमोर त्या सहसा वाद घालीत नाहींत. म्हणून त्या दिवशीं त्यांनीं तोंड आमच्याकडे केलें.

“काका, गाडी बंद झाली हें सगळ्यांनीं पाहिलं. इंजिन चांगलं आहे हेंहि पाहिलं. पण ती बंद कां झाली, हें कोणी पाहिलं का?”

आम्ही निरुत्तर झालों. कार्य दिसलें कीं कारण शोधावें, हा धडा आम्हीं आयुष्यभर दुसऱ्यांस दिला. आणि स्वतःच्या घरांत सव्वातीन लाखांचा प्रश्न आला तेव्हां धुराचे रंग पाहत बसलों.

सूनबाईंनीं जें सांगितलें तें आम्ही आमच्या शब्दांत मांडतों. गाड्या बंद होण्याचीं कारणें एकसारखीं नसतात, आणि जुनी गाडी घेणाऱ्यानें पहिल्यानें तीं निवडून पाहावीं. एक कारण असें कीं, कर्ताच देश सोडून जातो. शेव्हरोले गाड्या विकणाऱ्या अमेरिकन कंपनीनें २०१७ च्या अखेरीस येथील विक्री थांबविली. आमच्याच तळेगांवचा तिचा कारखाना पुढें परदेशच्या मालावर चालला आणि २०२० च्या शेवटीं थांबला. अशी गाडी स्वतः दोषी नसते. घेणाऱ्यानें दुरुस्तीची व भागांची चौकशी करावी म्हणजे झालें. दुसरें कारण हिशेबाचें. १ एप्रिल २०२० पासून धुरासंबंधीं ‘भारत सहा’ हे कडक नियम आले. लहान डिझेल इंजिनें त्यांत बसवावयाचीं म्हणजे किंमत फार वाढणार, म्हणून मारुतीनें डिझेल गाड्या करणेंच सोडलें. तिसरें कारण वार्धक्याचें. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास होणारी ॲम्बॅसडर २०१४ सालीं थांबली ती मुख्यतः गिऱ्हाईक उरलें नाहीं म्हणून. आणि चौथें कारण असें कीं, लोकांच्या जिवाविषयीं समाजाची अपेक्षा वाढते, आणि जुन्या बांध्याची गाडी त्या अपेक्षेस पुरी पडत नाहीं.

२०१९ च्या १ जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग, म्हणजे धक्का बसतांच डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं फुगणारी पिशवी, सक्तीची झाली. पट्टा न बांधल्यास वाजणारी घंटाहि त्याच वेळीं आली. त्याच वर्षीं १ ऑक्टोबरपासून जुन्या बनावटीच्या गाड्यांनाहि टकरीच्या कसोटींतून जावें लागणार होतें. सहा महिन्यांनीं धुराचे नवे नियम. सुमो बंद झाली ती ह्याच उंबरठ्यावर. तिच्यांत एअरबॅग नव्हती. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत नव्हती. आणि मागच्या बाजूस, समोरासमोर तोंडें करून बसावयाचे जे दोन आडवे बाक असतात, त्यांवर बसणाऱ्यास पुढच्यासारखा खांद्यावरून येणारा पट्टा नाहीं.

सूनबाई म्हणाल्या, “त्या बाकांवर कोण बसणार, काका? तुम्ही मोठी माणसं पुढें आणि मधें. मागें मुलं. कुंभार्ली घाटांत एकदां जोरानें ब्रेक दाबावा लागला तर तीं कुठं जातील?”

कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनींनीं मात्र हळूच एक गोष्ट सांगितली, जी त्या महिनाभर मनांत ठेवून होत्या. त्या दिवशीं गाडी पाहावयास गेल्या असतां त्यांनीं पायरीवर पाय ठेवून पाहिला होता. गाडी उंच, गुडघा वर उचलेना. दादांच्या आनंदांत विरजण नको म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

रात्रीं आम्हीं पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब केला. घर वर्षाला फार तर चार हजार किलोमीटर हिंडेल. सुमो लिटरला बारा किलोमीटर जाते असें धरलें, तर ३३३ लिटर डिझेल लागेल. ९० रुपयांच्या भावानें तीस हजार रुपये. तितकींच माणसें नव्हेत, पण सात माणसें नेणारी पेट्रोलची गाडी लिटरला चौदा जाते असें धरलें, तर २८६ लिटर. १०४ रुपयांच्या भावानें तेहि तीस हजारांच्या आंत-बाहेर. म्हणजे डिझेलनें वांचविलें काय? शून्य. २०१२ सालीं पेट्रोल व डिझेल ह्यांच्या भावांत लिटरमागें तीस रुपयांच्या घरांत अंतर होतें. ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलच्या भावावरील सरकारी बंधन उठलें, आणि तें अंतर निम्म्याहून खालीं आलें. डिझेल स्वस्त ही समजूत आमच्या मनांत त्या जुन्या काळाची राहून गेली होती. जो दिवसाला शंभर किलोमीटर चालवितो त्यास डिझेल अजूनहि परवडेल. जो महिन्यांतून दोनदां चालवितो, त्यानें केवळ भावाकडे पाहून तें घेऊं नये.

परंतु हिशेब संपला तरी आम्हांस झोंप येईना. सूनबाईंचा प्रश्न गाडीपुरता राहिना. आम्ही ज्या घरांत राहतों तें एकत्र कुटुंब हीहि आज जवळजवळ बंद झालेली बनावट आहे. आमच्या ओळींतील बहुतेक घरें दोन खोल्यांत तीन माणसें अशीं झालीं. कोणी आलें कीं आम्ही मोठ्या अभिमानानें सांगतों, आमच्याकडे अजून अकरा पानें वाढलीं जातात. पण ती बनावट बंद कां झाली, हें आम्हीं कधीं विचारलें होतें काय? शहरें, नोकऱ्या, लहान जागा, हीं कारणें आम्ही भराभर सांगूं. पण आणखी एक कारण होतें, आणि तें आम्हीं आमच्या आईच्या आयुष्यांत पाहिलें होतें. त्या गाडींत पुढच्या सीटवर पुरुष बसले, मधें वडीलधाऱ्या बायका बसल्या, आणि मागच्या बाकावर सुना बसल्या. धक्का आला कीं पहिल्यानें त्या आपटत. त्यांच्यासाठीं पट्टा नव्हता, आणि नाहीं हें पुढें बसणाऱ्यांस दिसतहि नव्हतें, कारण मागें वळून पाहण्याची चाल नव्हती. आमची आई सर्वांच्या मागून जेवे. उरलें नाहीं असें तिनें कधीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

आमचें घर टिकलें तें जुनें तसेंच ठेवल्यामुळें नव्हे. वहिनींनीं पहिल्या दिवसापासून सुनांस आपल्याबरोबर पानावर बसविलें. दोघी आपला पगार आपल्या नांवें ठेवतात. आणि त्या दिवशीं ओटीवर सासरे बसले असतां थोरली सून ‘कां’ म्हणून विचारूं शकली. जी वस्तु काळाबरोबर मागच्या बाकावरच्या माणसाची काळजी वाढवीत नेते ती टिकते. ज्या घरांनीं तसें केलें नाहीं तीं मोडलीं ह्याबद्दल हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. पण तक्रार करण्याचा अधिकार आपणांस थोडा कमी आहे.

आतां प्रश्न उरला तो दादांस सांगावें कोणी. आम्ही दोन दिवस शब्द जुळवीत होतों. तिसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं दादांनींच आम्हांस सोडविलें.

ते सूनबाईंस म्हणाले, “पोरी, तुझें म्हणणें मीं दोन रात्री घोळवलें. मीं त्या गाड्यांवर शिक्के मारले ते त्या वेळच्या कागदाप्रमाणें चोख मारले. त्याची मला लाज नाहीं. पण आज तोच कागद माझ्या हातांत नव्या नियमांचा दिला, आणि मागच्या बाकावर माझीं नातवंडें बसलीं आहेत असें सांगितलें, तर मी गाडी फाटकाबाहेर सोडणार नाहीं.” आणि जरा थांबून म्हणाले, “मुळगांवकर साहेबांनींहि सोडली नसती.”

सूनबाईंनीं मान खालीं घातली. आम्ही त्यांस ‘शाबास’ म्हणणार होतों, पण तो शब्द लहान वाटला.

विकणाऱ्या गृहस्थांस नाहीं म्हणून कळविलें. ते भले गृहस्थ. पुढें त्यांची गाडी एका फळवाल्यानें घेतली. मागचे बाक काढून तो तिच्यांत पेट्या वाहणार आहे. तें काम ती अजून पुष्कळ वर्षें करील. मात्र गाडी नव्या मालकाकडे जाण्यापूर्वीं आमच्या विद्यार्थ्यानें तिच्या मालकांस विनंति केली आणि एका रविवारीं सकाळीं ती आमच्या दारांत आणून उभी केली. दादा पुढच्या सीटवर बसले. पट्टा त्यांनीं स्वतः बांधला. भोसरीपर्यंत जाऊन मॅगझीन चौकावरून ते अर्ध्या तासानें परत आले. उतरतांना त्यांनीं दार एकदां उघडून पुन्हां लावलें, आवाज ऐकला, आणि म्हणाले, “अजून बरोबर लागतें.” मग ते आंत आले व अंघोळीस गेले.

सध्यां आम्ही पेट्रोलची, सात माणसांची, सर्वांस पट्टे असलेली आणि पायरी खालीं असलेली एक जुनी गाडी पाहत आहों. ती कारखान्यांत अजून तयार होते. झाली नसती तरी हरकत नव्हती. कारण विचारून मग ठरविलें असतें. सातांची गाडी व चिरंजीवांची चारांची, मिळून अकरा होतात. दोन गाड्या म्हणजे घराचे दोन तुकडे, असें पूर्वीं आम्हांस वाटे. आतां ठरलें आहे कीं फाल्गुनांत गुहागरास जावयाचें, पाटणला दोन्हीं गाड्यांनीं थांबून चहा घ्यावयाचा, आणि घाटांत मागच्या गाडीनें पुढचीस नजरेआड होऊं द्यावयाचें नाहीं. थोरल्या सूनबाई पुढची गाडी चालवतील. दादांनीं त्यांच्या शेजारची जागा आतांच मागून ठेवली आहे.